मंद प्रकाशातील व्यक्तिचित्रांसाठी एकच प्राइम लेन्स : ३५, ५० की ८५?

बालाघाट

नमस्कार. माझ्याकडे निकॉन डी५६०० हा कॅमेरा आणि त्यासोबत मिळालेली १८-५५ ही किट लेन्स आहे. दिवसा, मोकळ्या उजेडात या लेन्सबद्दल माझी तक्रार नाही; परंतु संध्याकाळनंतर घरात काढलेली छायाचित्रे एक तर हललेली येतात, किंवा आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) इतका वाढवावा लागतो की चेहऱ्यावरचे बारकावे जाऊन त्वचा सपाट आणि दाणेदार दिसू लागते.

येत्या मार्गशीर्षात पुतणीचे लग्न आहे. लग्न मंगल कार्यालयात होईल आणि तेथे व्यावसायिक छायाचित्रकार असतीलच. मात्र त्यानंतरचा गोंधळ अंबाजोगाईजवळच्या गावी, आमच्या जुन्या घराच्या अंगणात रात्री घातला जाणार आहे. दिवटीच्या उजेडात गोंधळ्यांचे चेहरे फ्लॅशशिवाय टिपावेत अशी माझी इच्छा आहे. शिवाय त्या निमित्ताने घरातील सगळी वडीलधारी मंडळी एकत्र येणार असल्याने प्रत्येकाचे एक नीट व्यक्तिचित्र ढाळजेत (दारालगतच्या ओसरीत) किंवा माजघरात काढायचे आहे.

खर्चाची तयारी एकाच प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्सची आहे. निकॉनच्या ३५ मिमी एफ/१.८जी डीएक्स, ५० मिमी एफ/१.८जी आणि ८५ मिमी एफ/१.८जी या तिघींमध्ये मन अडकले आहे; मिमीचा आकडा मोठा तितके दृश्य जवळचे, आणि एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त, एवढे मला कळते. दुकानदार ५० मिमी एफ/१.८डी ही जुनी, स्वस्त लेन्सही सुचवत आहेत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तेरणाकाठ

व्यक्तिचित्र म्हटले की माझे मत ८५ला. नाक-डोळे प्रमाणात येतात, पार्श्वभूमी विरघळून जाते आणि समोरच्या माणसाच्या अगदी तोंडाशी कॅमेरा न्यावा लागत नसल्यामुळे ज्येष्ठ मंडळी अवघडत नाहीत. पैसे एकदाच घालायचे असतील तर ८५वर घालावेत.

पाटोदेकर

इतर चर्चा होण्याआधी एक सूचना. डी५६००च्या बॉडीमध्ये फोकस मोटर नाही. नावात 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' असलेल्या लेन्समध्ये स्वतःची मोटर असते, '१.८डी' ही लेन्स मात्र बॉडीतील मोटरवर चालते. म्हणजे ती आपल्या कॅमेऱ्यावर बसेल, छायाचित्रही निघेल, परंतु फोकस प्रत्येक वेळी हाताने करावा लागेल, आणि दिवटीच्या उजेडात, नाचणाऱ्या माणसावर, एफ/१.८ला ते जमणे फार कठीण आहे. दुकानदारांना बॉडीचे नाव सांगून पुन्हा विचारावे.

कयाधू

बालाघाट दादा, लेन्सचे नाव ठरवण्यापूर्वी आपण घरी एक टेप घेऊन ढाळज, माजघर आणि अंगण मोजून यावे, असे मी सुचवते. 'व्यक्तिचित्रासाठी ८५' हे वाक्य फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या) कॅमेऱ्यांच्या काळापासून चालत आले आहे. आपला डीएक्स सेन्सर त्याहून दीडपट लहान असतो; या दीडच्या क्रॉपमुळे त्यावर ३५ ही फुल फ्रेमवरील साधारण ५२सारखे, ५० ही ७५सारखे आणि ८५ ही जवळजवळ १२८सारखे दृश्य दाखवते. ही तुलना पुष्कळांना पाठ असते, परंतु तिचा अर्थ पायाखालच्या जमिनीत मोजला जात नाही.

तो असा मोजता येतो. डीएक्स सेन्सरची लांब बाजू २३.५ मिमी असते. कॅमेरा उभा धरून उभ्या माणसाचे पूर्ण छायाचित्र घ्यायचे, वर-खाली थोडी मोकळी जागा ठेवायची, म्हणजे चौकटीत सुमारे दोन मीटर उंची बसवायची आहे. त्यासाठी ३५ला सुमारे तीन मीटर, म्हणजे दहा फूट मागे उभे राहावे लागते. ५०ला सव्वाचार मीटर, म्हणजे चौदा फूट. आणि ८५ला सव्वासात मीटर, म्हणजे जवळपास चोवीस फूट. कमरेपासून वरचे, अंदाजे ऐंशी सेंटिमीटर उंचीचे व्यक्तिचित्र घ्यायचे असेल तर हीच अंतरे अनुक्रमे १.२, १.७ आणि २.९ मीटर होतात. यात माणूस भिंतीला टेकून बसलेला नको, त्याच्या मागे थोडी खोली हवी, आणि छायाचित्रकाराला स्वतःलाही उभे राहायला जागा हवी, हे धरलेले नाही. दहा बाय बाराच्या खोलीत ८५ घेऊन गेलात तर चेहरा आणि खांदे यांपलीकडे फारसे काही मिळणार नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. केवळ चेहऱ्याचे, चाळीस सेंटिमीटर चौकटीचे छायाचित्र ३५ने घ्यायचे म्हटले तर साठ सेंटिमीटरवर जावे लागते. त्या अंतरावर नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. हा दोष लेन्सचा नसून अंतराचा आहे, कारण चेहऱ्याची ठेवण कशी दिसेल ते आपण किती जवळ उभे आहोत यावरच ठरते. ५०ने तीच चौकट पंचाऐंशी सेंटिमीटरवर मिळते, तीही थोडी जवळच म्हणायची; ८५ने जवळजवळ दीड मीटरवर मिळते आणि चेहरा सर्वांत सुखद दिसतो. म्हणून तेरणाकाठ यांचे म्हणणे चेहऱ्यापुरते मला मान्य आहे, घरापुरते नाही.

तेरणाकाठ

हिशोब पटला. तरीही पार्श्वभूमीचा मुद्दा उरतोच. जुन्या घरात मागे वायरी, कॅलेंडर, प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याची टाकी असे सगळे असते. ते पुसायचे तर ८५सारखे काही नाही.

कयाधू

हे खरे आहे, आणि त्यालाही आकडा आहे. माणसाची चौकट तीच ठेवली, तर दूरच्या पार्श्वभूमीचा धूसरपणा लेन्सच्या ॲपर्चरच्या, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या छिद्राच्या प्रत्यक्ष व्यासावर ठरतो. हा व्यास म्हणजे फोकल लेंथ भागिले एफ-क्रमांक. ३५ला एफ/१.८वर तो १९ मिमी, ५०ला २८ मिमी आणि ८५ला ४७ मिमी भरतो. ८५ एफ/२.८पर्यंत बंद केली तरी तिचा व्यास ३० मिमी राहतो, म्हणजे पूर्ण उघडलेल्या ५०पेक्षा किंचित जास्तच. त्यामुळे मोकळ्या जागेत ८५चा हात कोणी धरणार नाही. मात्र ढाळजेत मागची भिंत माणसापासून तीन-चार फुटांवर असते, आणि इतक्या जवळची भिंत पुरती पुसली जात नाही. तेथे कॅलेंडर काढून ठेवणे अधिक सोपे.

याच संदर्भात एक गोष्ट सांगाविशी वाटते. खास व्यक्तिचित्रांसाठी रचलेली पहिली लेन्स योसेफ पेट्झवाल यांनी १८४०मध्ये व्हिएन्नामध्ये तयार केली, आणि तिचे ॲपर्चर सुमारे एफ/३.६ होते. पार्श्वभूमी धूसर करणे हा तिचा हेतू नव्हता. त्या काळी छायाचित्रासाठी बसलेल्या माणसाला फार वेळ निश्चल बसावे लागे, तो वेळ कमी करणे हा होता. व्यक्तिचित्राच्या लेन्सचा मूळ प्रश्न उजेडाचाच होता. धूसर पार्श्वभूमीचे वेड पुष्कळ नंतरचे आहे, आणि माझ्या मते आता ते जरा अतीच झाले आहे.

जुना_वाडा

मी थोडे वेगळे मत मांडतो. ज्या पैशांत आपण लेन्स घेणार आहात, त्याच पैशांत डोके फिरवता येणारा एक साधा फ्लॅश येईल. तो छताकडे वळवून मारला, तर किट लेन्सवरही आयएसओ ४००ला स्वच्छ छायाचित्र मिळते. लग्नसमारंभात आम्ही वर्षानुवर्षे असेच काम केले आहे. लेन्सने उजेड वाढत नाही, आहे तोच अधिक घेतला जातो, हे तरुण मंडळी विसरतात.

बालाघाट

काका, आपला मुद्दा रास्त आहे. परंतु आमचे घर माळवदाचे आहे. वर लाकडी तुळया आणि फळ्या आहेत, आणि चुलीच्या धुराने त्या पार काळ्या पडलेल्या आहेत. तेथून फ्लॅशचा उजेड परत कसा यावा?

जुना_वाडा

माळवद असेल तर माझा सल्ला मागे घेतो. काळे लाकूड उजेड गिळते, आणि जो थोडा परत येतो तो तपकिरी येतो. पांढरा चुना दिलेली बाजूची भिंत जवळ असेल तर फ्लॅश तिच्याकडे वळवून पाहता येईल. मांडवाखाली तर रंगीत कापडाचा रंग चेहऱ्यावर उतरतो, तो आणखी वाईट. आणि गोंधळात फ्लॅश मारू नये, हे मलाही मान्य आहे. दिवटीचा उजेड फ्लॅशपुढे उरतच नाही.

हिमरू

माझे काम मुख्यतः छत्रपती संभाजीनगर परिसरातील विणकरांच्या मागांवर चालते, म्हणून थोडे अनुभवाचे लिहितो. मागाच्या खोलीत एका बाजूला माग, दुसऱ्या बाजूला भिंत आणि मध्ये माणूस अशी रचना असते. माझ्या डीएक्स कॅमेऱ्यावर ३५ कायम असते. ५० लावली की माणूस येतो आणि माग चौकटीबाहेर जातो. विणकराचे व्यक्तिचित्र मागाशिवाय काढायचे असेल तर ते स्टुडिओतही काढता येईल.

हाच न्याय मी गोंधळाला लावतो. गोंधळी म्हणजे केवळ चेहरा नव्हे. त्याचा झगा, कवड्यांच्या माळा, शेजारचा संबळ वाजवणारा, तुणतुणे, पुढ्यात भरलेला चौक आणि भोवती बसलेली घरची माणसे, हे सगळे मिळून ते चित्र होते. शिवाय मंडळी कोंडाळे करून बसतात. आपण मागे सरकलात की कोणाचे तरी डोके मध्ये येते. म्हणून पुढे, चौकाजवळ बसून ३५ने घ्यावे, असे माझे मत आहे. निकॉनची ही ३५ तीस सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते, ५०ला पंचेचाळीस आणि ८५ला ऐंशी सेंटिमीटर अंतर लागते. परडीतील कवड्या, हळदीने माखलेले हात असे तपशील घेताना हा फरक जाणवतो.

अजिंठ्याच्या चित्रे असलेल्या लेण्यांतही हाच अनुभव येतो. तेथे फ्लॅशला मनाई आहे आणि तिपाईसाठी पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते, त्यामुळे एफ/१.८ची लेन्स हातात असणे हाच मार्ग उरतो. आणि गर्दीत मागे सरकायला जागा नसल्याने तेथेही ३५च उपयोगी पडते.

सावरगावकर

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझ्याकडे सोनीचा ए६४०० आहे. हीच चर्चा मला लागू होते का?

पाटोदेकर

क्रॉप तोच असल्याने अंतरांचा हिशोब जसाच्या तसा लागू होतो. फरक इतकाच, की ए६४००च्या बॉडीत स्थिरीकरण (हाताचा कंप सावरणारी सोय) नाही आणि सोनीच्या ई ५० मिमी एफ/१.८ ओएसएसमध्ये ते आहे. सिग्माची ५६ मिमी एफ/१.४ अधिक उजेड घेते, परंतु तिच्यात स्थिरीकरण नाही. बसलेल्या माणसासाठी स्थिरीकरणाचा उपयोग होतो. हलणाऱ्या माणसाला ते थांबवू शकत नाही.

बालाघाट यांच्यासाठी उजेडाचा हिशोबही मांडून ठेवतो. किट लेन्स ५५वर नेली की तिचे ॲपर्चर एफ/५.६ होते. एफ/१.८ त्याच्या जवळजवळ दहापट उजेड घेते. म्हणजे ज्या खोलीत आयएसओ १६००ला किट लेन्सवर शटर १/१५ सेकंद मिळतो आणि हात हलला नाही तरी माणूस हलतो, तेथेच प्राइमवर सुमारे १/१५० मिळतो. किंवा शटर तेवढाच ठेवायचा म्हटले तर किट लेन्सवर आयएसओ १६०००च्या आसपास न्यावा लागेल. आपल्या छायाचित्रांतील त्वचा सपाट का होते, त्याचे कारण हेच आहे. एफ/१.४च्या महाग लेन्सकडे मात्र पाहू नये, १.८पेक्षा ती दोन-तृतीयांश स्टॉपच (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त उजेड देते, आणि वजन-किंमत त्या मानाने पुष्कळ वाढते.

या उजेडाची एक किंमत असते, तीही आधी जाणून घ्यावी. दीड मीटरवर ५० मिमी एफ/१.८ला स्पष्ट दिसणारी खोली, म्हणजे पुढे-मागे फोकसमध्ये राहणारे अंतर, जेमतेम साडेसहा सेंटिमीटर असते. ८५ला दोन मीटरवर चार. म्हणजे तिरप्या बसलेल्या आजींचा जवळचा डोळा स्पष्ट आणि लांबचा डोळा किंचित धूसर असे होऊ शकते. एफ/२.८ला गेल्यास ५०वर हीच खोली दहा सेंटिमीटर होते. व्यक्तिचित्रासाठी मी शक्यतो एफ/२.२ ते २.८ वापरतो, आणि १.८ अंधारासाठी राखून ठेवतो. फोकसचा बिंदू स्वतः निवडून जवळच्या डोळ्यावर ठेवावा, कॅमेऱ्यावर सोडू नये. डी५६००मध्ये ३९ फोकस बिंदू आहेत, पण त्यांतील मधले नऊच क्रॉस प्रकारचे (आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखणारे) आहेत आणि कमी उजेडात तेच भरवशाचे ठरतात. मधल्या बिंदूने फोकस करून नंतर चौकट फार फिरवली, तर वरच्या साडेसहा सेंटिमीटरांत डोळा निसटतो. म्हणून चौकट थोडी सैल घ्यावी आणि नंतर कापावी, २४ मेगापिक्सेल त्यासाठी पुरेसे आहेत.

नवी लेन्स आली की पहिल्याच दिवशी तिची परीक्षा घ्यावी. पुस्तकांची रांग तिरपी मांडून मधल्या पुस्तकावर एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या पडद्यावर पाहून) फोकस करावा. दोन्हींत फरक दिसला, व्ह्यूफाइंडरचा फोकस सतत पुढे किंवा मागे जात असला, तर लेन्स बदलून मागावी, कारण डी५६००मध्ये फोकसची सूक्ष्म जुळणी करण्याची सोय नाही. त्यासाठी पक्के बिल घ्यावे. बिलाविना स्वस्त मिळणारी लेन्स अशा वेळी महाग पडते.

कयाधू

पाटोदेकरांनी एवढे लिहिल्यावर लेन्सबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखे थोडेच उरले. एक प्रयोग मात्र अवश्य करा. किट लेन्सची झूम रिंग ३५वर चिकटपट्टीने बांधून एक संध्याकाळ घरात वावरा, दुसऱ्या संध्याकाळी ती ५०वर बांधा. छायाचित्रे हलली तरी हरकत नाही. आपले पाय कोठे अडतात ते पाहायचे आहे. जुनी छायाचित्रे संगणकावर उघडून त्यांच्या माहितीत फोकल लेंथ पाहिलीत, तर आपल्या नजरेची सवयही कळेल.

बालाघाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गावी जाऊन टेप लावला. ढाळज लांबीला सोळा फूट आणि रुंदीला नऊ फूट आहे. माजघर त्याहून लहान. अंगण मात्र एका बाजूने तीस फुटांच्या आसपास मोकळे आहे. चिकटपट्टीचा प्रयोगही केला. ३५वर सगळे सहज बसत होते, परंतु चेहऱ्यासाठी मी इतका जवळ जात होतो की आजी मागे सरकू लागल्या. ५०वर ढाळजेच्या लांबीच्या दिशेने बसवल्यास कमरेपासूनचे चित्र आरामात मिळते आणि मागे सात-आठ फूट खोली राहते, त्यामुळे दाराचा उजेड एका बाजूने येऊन भिंत बऱ्यापैकी धूसर होते. माजघरात ५० अडचणीची आहे, हे मान्य. तेथे काढणार नाही. ८५ या घरात केवळ अंगणातच चालली असती.

म्हणून ५० मिमी एफ/१.८जी घेण्याचे ठरवले आहे. हिमरू सर, गोंधळाबाबत आपले म्हणणे डोक्यात आहे; संपूर्ण चौक, संबळ आणि मंडळी यांसाठी किट लेन्स १८वर एफ/३.५ला वापरून पाहीन, आणि चेहऱ्यांसाठी ५०.

आता एकच शंका. दिवटीच्या उजेडात एक्स्पोजर कोणते ठेवावे? आणि अंगणात पांढरा एलईडी लावलेला आहे, त्याचा काही त्रास होईल का?

हिमरू

माझे मत अजूनही ३५लाच आहे, हे नोंदवून पुढे जातो. गोंधळात लेन्स बदलत बसू नका. आधी रुंद चित्रे घेऊन ठेवा आणि आख्यान रंगात आले की ५० लावा.

पाटोदेकर

सुरुवात म्हणून मॅन्युअल मोडमध्ये एफ/२, शटर १/१०० आणि आयएसओ ३२०० ठेवून पाहावे. स्वयंचलित मापन मागचा अंधार पाहून सगळे चित्र उजळवते आणि ज्योत पांढरीफटक होते, म्हणून चेहऱ्यावरील उजेड पाहून आकडे ठरवावेत आणि ज्योत थोडी जळली तरी चालवून घ्यावे. दिवटी चेहऱ्यापासून एका मीटरवरून दोन मीटरवर गेली की उजेड चौथाईवर येतो; दिवटी चेहऱ्याजवळ येईल तेव्हाच शटर दाबावे, मधल्या वेळात वाट पाहावी.

एलईडीचा त्रास दोन प्रकारचा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो, आणि शटर १/१००पेक्षा जलद ठेवले की एकापाठोपाठ घेतलेल्या छायाचित्रांत उजेड कमी-जास्त येतो. त्याच्या उजेडात काम करायचे असेल तर १/१०० किंवा १/५० येथेच थांबावे. दुसरा त्रास रंगाचा. ज्योतीचा रंग १९०० केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे नारिंगी असतो आणि घरोघरचा पांढरा एलईडी बहुधा ६५००चा, म्हणजे निळसर. एकाच चेहऱ्याच्या अर्ध्या भागावर हा आणि अर्ध्यावर तो पडला, तर रॉमध्ये (सेन्सरच्या कच्च्या नोंदीत, जिचे रंग नंतर बदलता येतात) काढूनही दोन्ही बाजू एकदम दुरुस्त होत नाहीत. एक बाजू ठीक केली की दुसरी निळी किंवा नारिंगी होते. रॉ तर काढावेच, पण त्यावर विसंबू नये.

कयाधू

दादा, घरचेच कार्य आहे, तेव्हा गोंधळ्यांना आणि थोरल्या मंडळींना आधीच विचारून ठेवा. दिव्याचे बटण कोणाच्या हाताशी आहे तेही पाहून ठेवा. एलईडी पूर्ण बंद करणे मंडळींना गैरसोयीचे वाटले, तर त्याच होल्डरमध्ये २७०० केल्व्हिनचा पिवळा बल्ब लावा आणि तो गोंधळ्यांच्या पाठीमागे राहील असे पाहा. पगडीला आणि खांद्यांना मागून हलकी कड मिळेल, चेहऱ्यावर दिवटीचाच उजेड राहील, आणि रंगही एकमेकांशी भांडणार नाहीत.